संदर्भाची रीत: नांदेड-लातूरच्या संशोधनलेखनातील हवाल्यांचा मागोवा

संशोधनलेखातील विधान कशाच्या आधारावर केले आहे हे वाचकाला पडताळता यावे, यासाठी त्या आधाराचा ठावठिकाणा देणे म्हणजे संदर्भ देणे. ग्रंथकाराचे नाव, ग्रंथ, आवृत्ती, स्थळ, वर्ष आणि पृष्ठ हा त्याचा आजचा सांगाडा. हा सांगाडा नांदेड आणि लातूर भागात बाहेरून आला: आधी हैदराबादहून, मग औरंगाबाद-पुण्याहून, शेवटी दिल्लीच्या नियमांतून. त्यात भरायची सामग्री मात्र इथलीच होती. फसली तारखांचे कागद, ओवीबद्ध पोथ्या, जिल्हे बदलत गेलेली गावे आणि तोंडी सांगितलेल्या आठवणी बाहेरच्या साच्यात नीट बसत नव्हत्या. इथल्या संदर्भलेखनाचा इतिहास बराचसा ही सामग्री बसवण्याच्या खटपटीचा आहे.

आधार सांगण्याची सवय विद्यापीठांच्या कितीतरी आधीची. अकराव्या-बाराव्या शतकांत हा सारा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांचा होता. सहाव्या विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) आश्रयाने विज्ञानेश्वराने कल्याणीत ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली. ते कल्याणी म्हणजे निलंग्याच्या सीमेपलीकडचे आजचे बसवकल्याण. धर्मशास्त्राच्या टीकाकारांचा रिवाज असा की मत मांडताना मनू, नारद, बृहस्पती असे स्मृतिकाराचे नाव घ्यायचे. अध्याय-श्लोकाचा आकडा द्यायची गरज नव्हती, कारण ऐकणाऱ्याला मूळ वचन पाठ असे. पाठांतर गेले तेव्हा आकड्यांची गरज आली. पां. वा. काण्यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड काढले. त्यांतल्या अनेक पानांवर मजकुरापेक्षा तळटीप मोठी आहे, कारण जुन्या टीकाकारांनी नुसत्या नावावर सोडलेले हवाले काण्यांनी एकेक करून ठिकाणावर आणले.

महानुभावांनी याच्या पुढचे पाऊल टाकले होते. दत्तात्रेयाचे स्थान म्हणून या पंथाला पूज्य असलेले माहूर नांदेड जिल्ह्यात आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी जमवताना म्हाइंभटाने त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून विचारल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, असे पंथाची परंपरा सांगते. या आठवणींच्या, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या ‘लीळाचरित्र’ या ग्रंथाच्या पोथ्यांत एकाच प्रसंगाचे वेगळे पाठ ‘वासना’ आणि ‘शोध’ अशा खुणांनी नोंदलेले सापडतात, आणि अमुक पाठ कोणाचा हे बऱ्याचदा नावानिशी सांगितलेले असते. मतभेद पुसून एकच गुळगुळीत कथा न करता तो साक्षीदारासह जपायचा, हा शिस्तीचा भाग आधुनिक तळटीपेशी थेट नाते सांगतो. या ग्रंथाचा हवाला आज पानावर देत नाहीत. एकांक, पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध आणि लीळेचा क्रमांक असा देतात. क्रमांक संपादनागणिक बदलतात, म्हणून वि. भि. कोलत्यांची १९७८ ची प्रत वापरली की दुसरी, हे लिहिल्याशिवाय तो हवाला निरुपयोगी ठरतो. ‘ज्ञानेश्वरी’च्या ओव्या आणि तुकारामाच्या अभंगांचे आकडे यांचीही तीच गत.

छापील मराठी इतिहासलेखनाला हवाल्याची सवय लावली ती साधनसंग्रहांनी. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे माला बावीस खंडांवर गेली. त्यात प्रत्येक पत्राला क्रमांक आहे, त्यामुळे इतिहासकार पान सोडून ‘राजवाडे, खंड अमुक, लेखांक तमुक’ असे लिहू लागले. ही सोय फार मोठी होती: दुसऱ्या आवृत्तीत पाने बदलली तरी लेखांक बदलत नाही. लातूर जिल्ह्यातले उदगीर या हवाल्यांत वारंवार येते, कारण ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी निजामाला तिथे हरवले आणि पहिला खंड नेमका १७५० ते १७६१ या वर्षांच्या कागदांचा आहे. अशा पत्रांवर तारीख शके किंवा शुहूर सनाची असते. उदगीरची लढाई शके १६८१ च्या माघातली. इसवी सन काढायला शकात सरसकट ७८ मिळवणारा ती १७५९ मध्ये नेऊन ठेवतो. पौषात इंग्रजी वर्ष पालटते, म्हणून ७९ मिळवावे लागतात.

निजामी अमलात नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला हे सगळे पुण्याच्या वाटेने मिळत होते, पण शिक्षणाची वाट हैदराबादची होती. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झाले, उर्दू माध्यमात. राज्यकारभाराचे कागदही उर्दूत. निजामाच्या पुरातत्त्व खात्याची स्थापना १९१४ ची, गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. खात्याच्या इंग्रजी वार्षिक अहवालांच्या शीर्षकातच फसली आणि इसवी अशी दोन्ही वर्षे छापलेली असत. हा शहाणपणाचा नमुना पुढच्या अनेक प्रबंधकारांनी पाळला नाही, आणि त्याची किंमत मोजली.

हैदराबादी फसली साल ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. महिने आझर, दय, बहमन, इस्फंदार असे इराणी. आकड्यात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला कोणीतरी सांगितलेले असते. ते खरे आहे फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. पुढच्या नऊ महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. आता १३५७ फसली हे साल घ्यावे. ते ऑक्टोबर १९४७ ला सुरू झाले आणि ऑक्टोबर १९४८ ला संपले. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस कारवाईची अखेर झाली तो १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस या सालाच्या आबान या शेवटच्या महिन्यात येतो. आबान १३५७ च्या कागदाला सरसकट ५९० मिळवून १९४७ ठरवले, तर संस्थान खालसा होतानाचा कागद भारत आणि निजाम यांच्यातल्या जैसे थे कराराच्याही आधीचा ठरतो. रझाकारांच्या काळावर लिहिताना एवढ्या चुकीने कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते. म्हणून जाणते मार्गदर्शक मूळ फसली तारीख महिन्यासह जशीच्या तशी लिहून चौकटी कंसात इसवी तारीख द्यायला लावतात. हैदराबादच्या अभिलेखागारातील मिसलीचा क्रमांक आणि खात्याचे नाव त्यापुढे.

निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेल्या सेतु माधवराव पगडींनी या प्रश्नाला वेगळे वळण दिले. हैदराबादच्या नागरी सेवेत असताना फार्सी-उर्दू मुरवलेल्या पगडींनी मोगल दरबाराची बातमीपत्रे आणि फार्सी तवारिखा मराठीत आणल्या. दरबारी अखबार म्हणजे रोजच्या घडामोडींचे कागद. त्यांना ग्रंथासारखी पाने नाहीत, ओळख पटते ती बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेल्या जुलूस वर्षाने आणि हिजरी तारखेने. पगडींच्या कामामुळे फार्सी न येणाऱ्या अख्ख्या पिढीला ही साधने खुली झाली. त्याचबरोबर एक खोड बोकाळली: मराठी अनुवाद वाचायचा आणि तळटीपेत मात्र फार्सी अखबाराची तारीख अशी टाकायची की जणू मूळ कागद हाताळला आहे. नियम साधा आहे. जे पाहिले त्याचा हवाला द्यावा: ‘अमुक तारखेचा अखबार, पगडींच्या अनुवादातून उद्धृत’. असे लिहिल्याने संशोधक लहान होत नाही, पण इथल्या प्रबंधांत हा प्रामाणिकपणा हवा तितका दिसत नाही.

नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये सुरू झाले, तेव्हा ते उस्मानियाशी संलग्न होते. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि मराठी माध्यमातल्या प्रबंधांची खरी सुरुवात त्यानंतरची. लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, नांदेडचे यशवंत महाविद्यालय १९६३ चे. विद्यापीठाच्या मराठी विभागात यू. म. पठाण यांच्यासारखे महानुभाव आणि संत साहित्याचे अभ्यासक होते, त्यामुळे पोथीचा हवाला कसा द्यावा याचे वळण तिथे पडले: पोथी कुठल्या संग्रहात, बाड क्रमांक, पत्र क्रमांक, पुढील की मागील बाजू.

त्या काळच्या प्रबंधांत संदर्भ पानाच्या तळाशी नसून प्रकरणाच्या शेवटी असतात. यामागे तत्त्व नव्हते, टंकलेखन यंत्र होते. तळटीप घालायची तर पान संपण्याआधी किती ओळी राखून ठेवायच्या याचा अंदाज आधीच बांधावा लागे. चुकला की पान पुन्हा, आणि कार्बनखालच्या सगळ्या प्रती पुन्हा. मराठी यंत्रावर उंचावलेला बारीक आकडा नसे, म्हणून रूळ अर्धा फिरवून आकडा वर मारायचा आणि पुन्हा खाली आणायचा. पाचशे पानांच्या प्रबंधात हे करणाऱ्या टंकलेखकाने प्रकरणाअखेरचा मार्ग सुचवला, तर नवल नाही. पुढे संगणक आला, तळटीप आपोआप बसू लागली, तरी ‘संदर्भ प्रकरणाच्या शेवटी’ ही रीत टिकली आणि काही ठिकाणी नियम म्हणून मिरवू लागली.

‘तत्रैव’ आणि ‘उनि’ हीसुद्धा टंकलेखनात काटकसर साधणारी रूपे. लगेच आधीचाच ग्रंथ पुन्हा आला की तत्रैव, मागे येऊन गेलेला ग्रंथ आला की उनि, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. जुन्या वळणाचे लेखक याच कामाला कित्ता वापरत. मजकूर पक्का असेपर्यंत ही व्यवस्था चांगली चालते. मार्गदर्शकाने सतराव्या आणि अठराव्या टीपेच्या मध्ये एक नवी टीप घालायला सांगितली, की अठराव्यातला ‘तत्रैव, पृ. ४४’ भलत्याच पुस्तकाच्या चव्वेचाळिसाव्या पानाकडे बोट दाखवू लागतो. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकाने असे एक पान उघडून विचारले, तर उमेदवाराची भंबेरी उडते. आज अनेक संपादक तत्रैव टाळून दर वेळी आडनाव आणि ग्रंथाचे आखूड नाव लिहायला सांगतात, ते याच कारणाने.

याच काळात नांदेडमध्ये नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) लिहीत होते. पीपल्स कॉलेजचे हे प्राध्यापक आणि नंतरचे प्राचार्य प्रबंधी पद्धतीचे लेखक नव्हते. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना म्हणजे तिचे लेखक रणजित देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र आहे, त्यात साधनांची छाननी आहे आणि तळटीपांचा बडेजाव नाही. आधार कुठला आणि तो किती वजनाचा, हे ते वाक्यातच सांगून टाकत. संदर्भांची संख्या आणि विचारांची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचा इतका चांगला दाखला या भागात दुसरा नाही. त्यांचा हवाला देणाऱ्याची मात्र पंचाईत होते. त्यांची भाषणे आणि लेख मृत्यूनंतरही पुस्तकरूपाने येत राहिले. कंसात आडनाव आणि प्रकाशनवर्ष एवढेच दिले तर ते १९८२ नंतर विचार मांडत होते असे दिसते. अशा वेळी मूळ भाषणाचे वर्ष आणि पुस्तकाचे वर्ष, दोन्ही द्यावी लागतात.

कंसात आडनाव आणि वर्ष देण्याची ही पद्धत प्राणिशास्त्रातून आलेली. हार्वर्डचे एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ च्या निबंधात ती वापरली. शिकागोची नियमपुस्तिका १९०६ ची, अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे पहिले नियम १९२९ चे, वैद्यकाची क्रमांक-पद्धत ठरवणारी व्हँकुव्हरची बैठक १९७८ ची. मराठवाड्यात विज्ञान शाखांनी आपापल्या नियतकालिकांचे नियम निमूट घेतले. मराठी, इतिहास, समाजशास्त्र यांत ओढाताण झाली. शं. गो. तुळपुळे यांनी संपादलेला ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा पुणे विद्यापीठाचा १९६३ चा ग्रंथ तळटीपेत ‘शं. गो. तुळपुळे (संपा.)’ असा सुरू होतो, सूचीत ‘तुळपुळे, शं. गो. (संपा.)’ असा आणि अमेरिकी पद्धतीत मजकुरातच ‘(तुळपुळे, १९६३)’ असा. तिसऱ्यात आद्याक्षरे गळतात. मराठी ग्रंथव्यवहारात शं. गो., वि. भि., रा. चिं. ही आद्याक्षरेच अर्धी ओळख असतात. एकाच आडनावाचे चार अभ्यासक एका सूचीत आले, की ती परत आणावी लागतात.

गावांची नावे हा आणखी एक फास. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, नंतर उस्मानाबादेत गेले. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्यामुळे १९५१ च्या जनगणनेतले उदगीर बीदरच्या आकड्यांत शोधावे लागते आणि लातूरची माहिती १९७२ च्या उस्मानाबाद गॅझेटियरमध्ये. नांदेडचे गॅझेटियर १९७१ चे. आता उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले आहे. उत्साही विद्यार्थी सूचीतली जुनी प्रकाशनस्थळेही बदलून टाकतात. ते चूक आहे. ग्रंथाच्या शीर्षकपानावर छापले असेल तेच स्थळ सूचीत यायला हवे, नाहीतर ग्रंथालयाच्या नोंदीशी त्याचा मेळ बसत नाही. औरंगाबादच्या विद्यापीठात १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापूर्वी सादर झालेला प्रबंध ‘मराठवाडा विद्यापीठ’ असाच नोंदवावा लागतो.

विज्ञानातही नावाचा असाच घोळ झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे औसा तालुक्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला. जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी त्यावर लिहिले. कोणी ‘लातूर भूकंप’ म्हटले, कोणी ‘किल्लारी’, तर कोणी शीर्षकातच ‘किल्लारी (लातूर)’ असे दोन्ही घातले. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने १९९४ मध्ये काढलेल्या विशेष ग्रंथाच्या नावात लातूर आहे. एकच नाव घालून शोध घेणाऱ्याच्या हातून निम्मे लेखन निसटते. या गावाने जगाच्या संदर्भसूचीत स्वतःचे नाव मिळवले, ते अशा किमतीवर.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला नांदेडला स्थापन झाले, तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या प्रबंधांना जोर आला. अनंत भालेरावांचा ‘हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ (१९८७) हा बहुतेकांचा आधारग्रंथ. त्यापलीकडे जायचे तर हयात स्वातंत्र्यसैनिकांना गाठणे भाग होते. १९४८ च्या उमरी बँक लुटीसारख्या घटनेत सहभागी झालेल्यांची आठवण आणि सरकारी कागद यांत तफावत पडली, तर ती कोणाच्या तोंडची हे नोंदवण्याला महत्त्व येते. मुलाखतीचा हवाला म्हणून सांगणाऱ्याचे नाव, गाव, वय, मुलाखतीची तारीख आणि स्थळ देण्याची रीत रूढ झाली. जुन्या प्रबंधांत नुसते ‘प्रत्यक्ष मुलाखतीच्या आधारे’ एवढेच आढळते, आणि सांगणारा आता हयात नसल्याने ते विधान कायमचे अधांतरी राहते.

संगणक आल्यावर टंकलेखकाची जागा विद्यापीठाभोवतीच्या डीटीपी केंद्रांनी घेतली. श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरामागे रोमन कळ दडलेली असे. त्यामुळे सूची अकारविल्हे लावण्याची आज्ञा दिली, की संगणक रोमन क्रमाने लावी आणि कुलकर्णी, अत्रे, पगडी कसेही विखुरत. इंग्रजी ग्रंथाचे नाव चुकून त्याच फाँटमध्ये राहिले तर अक्षरांचा चिवडा छापून येई. युनिकोडने हा त्रास बराच मिटवला, तरी सगळा नाही: मराठी कोशक्रमात ळ, क्ष आणि ज्ञ अखेरीस येतात, तर साध्या संगणकीय क्रमात क्ष हा क मध्ये आणि ज्ञ हा ज मध्ये जाऊन बसतो. क्षीरसागर हे आडनाव सूचीत कुठे आहे यावरून ती हाताने तपासली की नाही, हे जाणकाराला कळते.

२००९ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधलेख छापणे विद्यापीठ अनुदान आयोगाने सक्तीचे केले आणि २०१० मध्ये अध्यापकांच्या बढतीला गुणांकन जोडले. परिणाम झपाट्याने दिसला. लातूर, नांदेड, परळी अशा गावांतून बहुविषयक नियतकालिके निघू लागली. आयएसएसएन हा नुसता नोंदणीक्रमांक. तो दर्जाची मोहोर म्हणून मुखपृष्ठावर ठसठशीत छापला जाऊ लागला. चार पानांच्या लेखाला शेवटी पाच संदर्भ हवेत, म्हणून मजकुरात कुठेही न आलेली पाठ्यपुस्तके यादीत शिरली. आकार बिनचूक आणि आत काही नाही, अशी स्थिती. आयोगाने २ मे २०१८ ला मान्य नियतकालिकांच्या आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली, २०१९ मध्ये केअर यादी आणली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपवली. शोधलेखाची सक्ती २०२२ च्याच नियमांत उठली होती.

वाङ्मयचौर्यावरचे जुलै २०१८ चे नियम यापेक्षा खोल गेले. साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या. संदर्भसूची आणि रीतसर हवाला दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळली जातात, म्हणून अवतरणचिन्हाला एकाएकी मोल आले. राजवाड्यांच्या खंडातले पत्र चिन्हाविना उतरवले तर ते चोरीत मोजले जाऊ शकते. उलट, जुन्या फाँटमधला मराठी मजकूर यंत्राला रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणूनच दिसतो, त्यामुळे तशा प्रबंधातली उचलेगिरी सुटून जाते.

आजच्या हस्तलिखितात साधारणपणे प्राथमिक आणि दुय्यम साधने वेगळी, त्यांत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी ग्रंथांच्या स्वतंत्र याद्या, आणि संकेतस्थळाच्या नोंदीपुढे ती पाहिल्याची तारीख अशी मांडणी अपेक्षित असते. आंतरराष्ट्रीय सूचींत जाऊ पाहणारी नियतकालिके मराठी संदर्भांचे रोमन रूपही मागतात. तिथे कुरुंदकर हे नाव ‘द’नंतरचा स्वर लिहून किंवा गाळून दोन तऱ्हांनी जाते आणि पगडींचा सेतु कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ होतो. यंत्र त्यांना वेगवेगळे लेखक समजून त्यांचे हवाले वेगवेगळे मोजते. मराठी नावांसाठी एकच लिप्यंतर सगळ्या संपादकांनी मान्य केलेले नाही, त्यामुळे नांदेड-लातूरच्या एखाद्या अभ्यासकाच्या कामाचा पल्ला पाहायचा तर त्याच्या नावाची सगळी रोमन रूपे घालून शोध घ्यावा लागतो, आणि देवनागरीत वेगळा.